भिंत चढणारे मासे

"सूनबाई, सलांग लागली," आत्याबाई म्हणाल्या आणि चुलीवरचा चहा तसाच टाकून बाहेर पडल्या.

सलांग म्हणजे तलावाच्या बांधाला, आमच्या भाषेत पाळीला, ठेवलेली उतरती जागा. तलाव तुडुंब भरला की वरचं पाणी तिथून बाहेर पडतं आणि नाल्याने खाली सोनेखारी गावाकडे जातं. आमच्या भंडाऱ्याकडच्या जुन्या तलावांना अशी एक तरी सलांग असते. त्या वर्षी आषाढात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तेव्हा पाळीच्या टोकाकडून धो धो आवाज ऐकू आला.

मी चहा उतरवला, लाकडं ओढून चूल विझवली, पदर खोचला आणि धावत सुटले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्न होऊन जांभूळटोल्याला आले त्याला दीड वर्ष झालं होतं. माझे मालक नागपूरला बांधकामावर होते आणि घरात आम्ही तिघं: मी, माझी सासू पार्बताबाई, म्हणजे आत्याबाई, आणि सासरे डोमाजी, ज्यांना मी मामाजी म्हणते. आम्ही ढिवर. पिढ्यान् पिढ्या आमचं पोट त्या तलावावर.

पण तिघांच्या त्या घरात दोन महिन्यांपासून दोघंच बोलत होती. मी आणि आत्याबाई, किंवा मी आणि मामाजी. ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

"तुझ्या आत्याबाईले सांग, भाजीत मीठ कमी हाय," मामाजी म्हणायचे.

"त्याईले सांग, मीठ डब्यात हाय, हात त्याईले देवानं देल्ले हायेत," आत्याबाई तिथेच बसून म्हणायच्या.

भांडण माशांवरून होतं. आमच्या तलावातला गावठी मासा दहा-बारा वर्षांत संपत आला होता. मरळ, वाम, शिंगी जाळ्यात येईनाशी झाली. बाहेरून आणलेलं मासळीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, टाकायचे, ते एका हंगामात मोठं व्हायचं आणि संपायचं. काठाने नुसती बेशरमीची झुडपं माजली होती. आत्याबाई म्हणाल्या, पाण्यात चारा नाही, आडोसा नाही, मासा राहील कुठे? त्यांनी गावातल्या वीस बायका गोळा केल्या आणि दोन उन्हाळे काठावरची बेशरम मुळापासून उपटली. मीही उपटली. तिच्या चिकाने हाताला फोड आले. मोकळी होईल तशी काठाची जमीन नांगरून त्यात चिला, गाद, देवधान अशी पाण्यातली गावठी झाडं लावली. दुसऱ्या तलावावरून डोक्यावर ओली टोपली घेऊन आठ मैल चालत आणलेली ती रोपं होती. बघता बघता त्यांनी काठ धरला.

"पान्यात घर तं बांधलं," आत्याबाई म्हणाल्या, "आता पाहुना आला पायजे."

पाहुणा येण्याची वाट एकच होती, सलांग. पाणी पडायला लागलं की नाल्यातला मासा त्या पाण्याच्या उलट वर चढतो आणि तलावात येऊन अंडी घालतो. पोटात अंडी असलेला मासा जड असतो, पटकन हाती लागतो. म्हणून सलांग लागली की अख्खं गाव जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन तिथे उभं राहायचं. दोन दिवस घरोघरी मासळी. वर पोचायचा तो एखादाच.

आत्याबाईंनी ग्रामसभेत उभं राहून ठराव मांडला: सलांग लागल्यापासून तीन दिवस तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. बायकांचे हात जास्त होते, ठराव पास झाला. मामाजी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. ते सगळ्यांदेखत उठून म्हणाले, "माह्या बापानं चढनीचा मासा धरला, त्याच्या बापानं धरला. आता घरची बाई मले शिकवन का?" आणि तिथून दोघांचं बोलणं थांबलं.

मी सलांगीवर पोचले तेव्हा आत्याबाई आणि शेवंता पाण्यात उतरल्या होत्या. शेवंता आमच्या गटातली सगळ्यात धिप्पाड बाई. पाठोपाठ बाकीच्या आल्या. सलांगीच्या खाली नाल्याच्या तोंडाशी आम्ही एकीचा हात एकीने धरून आडवी ओळ केली. पाणी मांड्यांपर्यंत आणि लाल. पायाखालची वाळू सरकत होती.

आणि मासा आला.

आधी पायाला काहीतरी घासून गेलं. मग दुसरं. मग इतके, की शेवंता खदखदून हसायला लागली. "मले गुदगुल्या होऊन रायल्या वं," ती म्हणाली. आम्ही पाय फाकवून उभ्या राहिलो आणि ते आमच्या मधून वर निघाले. पाण्यावर पाठी दिसत होत्या, चकचकीत, काळ्या, रुपेरी. एवढा मासा मी माहेरी वैनगंगेच्या काठावरही एका जागी पाहिला नव्हता.  मी आत्याबाईंकडे पाहिलं.  त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

तेवढ्यात नाल्याच्या खालच्या अंगाने माणसं आली. सोनेखारीची. चाळीस तरी असतील, त्यात काही बायाही, खांद्यावर जाळी, हातात काठ्या आणि टोपल्या. पुढे फागू होता. उंच, सडपातळ, पन्नाशीचा माणूस, आणि त्या पट्ट्यातला नावाजलेला मासेमार.

"बाजूले व्हा, बाई," तो आत्याबाईंना म्हणाला. आवाज चढवला नाही.

"ग्रामसभेचा ठराव हाय, फागूभाऊ."

"तुमच्या गावचा. आमच्या गावानं नाई केला."

"तलाव आमचा हाय."

"आन नाला कोनाचा हाय? आमी पान्यात उभं रावून धरू. तुमच्या तलावाले हात नाई लावनार."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. पण आत्याबाईंनी हात सोडले नाहीत. "आमच्या अंगावरून जाजा मंग," त्या म्हणाल्या. सोनेखारीची माणसं चुळबुळली. बायकांच्या अंगावर जायला कुणी तयार नव्हतं, आणि परत जायलाही. पाणी आमच्या मधून जात राहिलं आणि मासा वर जात राहिला.

तेव्हा मला पाळीवर मामाजी दिसले. खांद्यावर त्यांचं फेकजाळं होतं, शिशाच्या गोळ्या लावलेलं, त्यांनी स्वतः विणलेलं. आमच्या गावची दहा-बारा पुरुष माणसं त्यांच्या मागे होती. आत्याबाईंनीही पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही ओळ खालून नाही, वरून तुटणार. परक्या माणसाला अडवता येतं, घरच्याला कसं अडवायचं?

पण मामाजी खाली उतरले नाहीत. ते सलांगीच्या भिंतीकडे बघत होते. त्यांची मान तिकडे वळलेली पाहून मीही मागे वळून पाहिलं.

सलांग पूर्वी दगडांची उतरती होती. मी सून म्हणून आले त्या उन्हाळ्यात तिथे सिमेंटची भिंत झाली होती, कमरेइतकी, सरळ उभी, गुळगुळीत. तलावात पाणी जास्त साठावं म्हणून. मागच्या वर्षी पाऊस कमी पडला, सलांग लागलीच नाही. म्हणजे भिंत झाल्यावर पाणी पहिल्यांदाच तिच्यावरून पडत होतं.

आणि मासा त्या भिंतीखाली अडकला होता.

ते उडी मारत. भिंतीला थडकत. खाली पडत. पुन्हा उडी मारत. एक मोठी मादी, पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं, तिने माझ्या डोळ्यांदेखत चार वेळा उडी मारली आणि चौथ्या वेळी ती पाण्यात पडली ती आडवीच झाली. भिंतीच्या पायथ्याला फेसात शेकडो मासे एकमेकांवर आपटत होते. वर एकही गेला नव्हता.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मागं पाहा."

त्यांनी पाहिलं. एकेका बाईने पाहिलं. ओळीतले हात सैल पडले.

फागूनेही पाहिलं होतं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचा मासा तं वर जाऊनच नाई रायला. सांजेपर्यंत थकून मरन, नाई तं वाहून जाईन. मंग आमच्या पोटात गेला तं का वाईट?"

 दोन वर्षं आत्याबाईंनी गावाला उत्तरं दिली होती, नवऱ्याला दिली होती. आता त्या मांडीभर पाण्यात नुसत्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. पण त्यांची हनुवटी हलत होती.

मला ते बघवेना. मी काही विचार केला असं नाही. सोनेखारीच्या एका बाईच्या हातात घमेलं होतं. ते मी तिच्या हातातून ओढूनच घेतलं. भिंतीखाली गेले, आडव्या झालेल्या त्या मादीच्या खाली घमेलं घातलं आणि पाण्यासकट उचललं. बाजूच्या दगडांवरून चढले. दोनदा घसरले, गुडघा फुटला. वर तलावाच्या शांत पाण्यात, आम्ही लावलेल्या गाद झाडांच्या पात्यांजवळ घमेलं बुडवलं. मादी क्षणभर तशीच पडून राहिली. मग तिने शेपटी हलवली आणि पात्यांमध्ये शिरली.

"गेली," मी वरून ओरडले. "आत्याबाई, गेली ती."

खाली कुणी हललं नाही. मग शेवंता म्हणाली, "अवं, मंग उभ्या कायले हाओ?" तिने सोनेखारीच्या एका माणसाची टोपली ओढून पाण्यात घातली.

सगळ्या बायका तुटून पडल्या. टोपल्या, घमेली, पदर, जे हाताला येईल ते. धरायचं, चढायचं, सोडायचं, धावत खाली यायचं. पण मासा हातात राहतो कुठे? शिंगीचा काटा लागून दोघी-तिघींची बोटं सुजली. टोपलीतून अर्धे परत खाली पडत होते. आम्ही वीस जणी आणि खाली शेकडो मासे. मागून आणखी येतच होते. अर्ध्या तासात आम्ही थकलो आणि भिंतीखालचा ढीग होता तेवढाच दिसत होता.

तेव्हा मामाजी खाली आले.

ते पाण्यात उतरले तसे सगळे बाजूला झाले. मी घमेलं हातात धरून जागच्या जागी थांबले. त्यांनी जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली, एक कड दातात धरली, कमरेतून वळले आणि जाळं फेकलं. साठीचा माणूस, पण जाळं असं गोल उघडून पडलं की सोनेखारीच्या माणसांच्या तोंडूनही हुंकार निघाला. त्यांनी दोरी सावकाश ओढली. जाळं जड होतं. आत पन्नास तरी मासे उसळत होते.

ते तसेच उभे राहिले, जाळं पाण्यात अर्धं धरून. मग आत्याबाईंकडे पाहून म्हणाले, "कोना धर. पाहून का रायलीस?"

दोन महिन्यांनी ते थेट बोलले होते. आत्याबाईंनी जाळ्याचा कोपरा धरला. मी दुसरा धरला. तिघांनी मिळून ते ओझं दगडांवरून वर नेलं आणि तलावात उलटं केलं. पन्नास मासे एकदम पसरले, पाण्यावर रेघाच रेघा उमटल्या.

मामाजी परत खाली गेले. फागूसमोर उभे राहिले.

"हा मासा कोनाच्या नाल्यातून आला, फागू?"

"आमच्या."

"पुढल्या साली कुठून येईन?"

फागूने भिंतीखालच्या माशांकडे पाहिलं.

"वर अंडं नाई पडलं, तं खाली तुह्या नाल्यात का उतरन? गोटे?" मामाजी म्हणाले. "दोन मानसाचं काम हाय हे. माह्या गावात दुसरा कोनी तुह्यावानी जाळं फेकत नाई."

 फागूने जाळं खांद्यावरून काढलं आणि आपल्या लोकांकडे वळून म्हणाला, "रांग लावा गा."

पुढचे चार तास मी आयुष्यात विसरणार नाही. एकीकडून मामाजी फेकत, दुसरीकडून फागू. दोघांत चढाओढ लागली. एकाचं जाळं भरून आलं की दुसरा पुढे सरसावे. दगडांवर दोन्ही गावची माणसं रांगेने उभी, घमेल्यामागून घमेलं वर जात होतं आणि रिकामं खाली येत होतं. काठ्या घेऊन आलेल्यांनी काठ्या वाळूत रोवून त्यांना दोर बांधला, धरायला. आत्याबाई एकदा दगडावरून घसरल्या आणि धारेत ओढल्या गेल्या. फागूने जाळं टाकून दिलं, उडी घेतली आणि त्यांना दंडाला धरून काढलं. त्यांच्या हातातलं घमेलं सुटलं नव्हतं. तोंडातलं पाणी थुंकून त्यांनी आधी घमेल्यात पाहिलं.

"तीन होते," त्या म्हणाल्या, "दोन रायले."

फागू हसत हसत पाण्यातच बसला.

दुपार कलली तेव्हा धार कमी झाली आणि भिंतीखालचं पाणी मोकळं दिसायला लागलं. किती मासा वर गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. शेवंता दोन हजार म्हणे, फागू तीन हजार. सगळे पाळीवर ओल्या अंगाने बसले होते. कुणीतरी घरून लाह्या आणि गूळ आणला. दोन्ही गावं एकाच टोपलीतून खात होती. माझ्या गुडघ्याला शेवंताने फडकं बांधलं. 

मामाजी माझ्या एका बाजूला बसले होते, आत्याबाई दुसऱ्या बाजूला.  मग मामाजी तलावाकडे बघत म्हणाले, "त्या भिंतीच्या कागदावर सही माही हाय."

मला कळेना ते कुणाला सांगताहेत.

"सोसायटीचा अध्यक्ष मनून सायेबानं सही मागतली. सलांगीची उंची वाढवने. मले वाटलं, पानी वाढन तं मासा वाढन. पन्नास वर्सं मी हा मासा चढताना पाह्यला, आन सही करताना एक डाव बी त्याची याद नाई आली." त्यांनी ओल्या जाळ्यातला चिखल झटकला. "आज वरून पाह्यलं तं तो डोकं आपटून रायला होता. ठरावाचा राग घेऊन जाळं टाकाले आलो होतो मी. खरं सांगतो."

म्हणजे सकाळी पाळीवर ते ज्या भिंतीकडे बघत उभे होते, तिच्यावर त्यांचंच नाव होतं.

आत्याबाईंनी हातातल्या लाह्या खाली ठेवल्या. "तुमाले वाचता कुठं येते?" त्या म्हणाल्या. "तो कागद मीच वाचून दाखवला होता तुमाले. चवथी शिकली ना मी. उंची वाढवने, मनून वाचलं. मले बी मासा नाई आठवला."

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं.  मला तिथून उठावंसं वाटलं, पण गुडघा वाकत नव्हता. म्हणून मी तलावाकडेच पाहत बसले.

भिंत फोडायची परवानगी मिळाली नाही. आम्ही अर्ज केले, साहेब येऊन पाहून गेले, कागद वर गेला आणि तिकडेच राहिला. मग उन्हाळा लागल्यावर मामाजी आणि फागूने तोडगा काढला. भिंतीला हात लावायचा नाही, तिच्या खालच्या अंगाने दगडांचा उतार रचायचा, मध्ये मध्ये खोलगट जागा सोडून, म्हणजे मासा दम खात चढेल. दोन्ही गावांनी बैलगाड्यांनी दगड आणले. कुठला दगड कुठे बसवायचा यावरून दोघं म्हातारे रोज भांडत. आत्याबाई येऊन, दोघांचंही न ऐकता, तिसरीकडे बसवून जात.

त्याआधी, पावसाळा सरता सरता, तलावात मरळीची पिल्लं दिसली होती. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर यायचा आणि खाली आई असायची. मामाजी मला बोलावून दाखवायचे. काठावरच्या देवधानात हळदी-कुंकू बदकं उतरली, ती मी लग्नानंतर तिथे पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या वर्षी सलांग आषाढाच्या सुरुवातीलाच लागली. या वेळी कुणाच्या हातात जाळं नव्हतं. जांभूळटोला आणि सोनेखारी, दोन्ही गावं काठावर बसली होती, बायका, पोरं, म्हातारे, तीनशेवर माणूस. आमचा उतार चालतो की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. पाणी दगडांवरून फुटून खाली येत होतं. माझे मालकही त्या वर्षी आले होते, माझ्या शेजारी उभे होते.

बराच वेळ काही नाही. मग फागूने बोट दाखवलं.

पहिल्या खोलगट जागेत एक मासा होता. तो तिथे थांबला, शेपटी हलवत. मग उडाला आणि दुसऱ्यात पडला. तिथून उडाला, दगडाला लागला, परत मागे आला.  मामाजी उठून उभे राहिले. मासा पुन्हा उडाला आणि तिसऱ्यात पोचला. आता वर भिंतीची कड, एक वीतभर. तो तिथे इतका वेळ थांबला की आत्याबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "जाय ना, बापा."

आणि तो गेला. कडेवरून वाकून, पाण्याची धार कापत, तलावात.

त्याच्या मागून दुसरा गेला, मग चार एकदम, आणि मग मोजणं कुणाला जमलं नाही.